अबकैकमधली विहिणींची पंगत

गुरुवारी सकाळी रियाध सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर घारग्यांचा डबा होता आणि शेजारी गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, कपाळावर आठी.

"इतक्या लांब जायचं, ते कोंबडी खायला?" तो म्हणाला.

"कोंबडी नाही. टर्की."

"तू तरी कधी खाल्लीयेस?"

मीही खाल्ली नव्हती. तसं पाहिलं तर टर्की हे आमच्या जाण्याचं कारणही नव्हतं.

सौदीत तेव्हा आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. अमेरिकनांचा थँक्सगिव्हिंग हा शरद ऋतूतला घरगुती सण नोव्हेंबरात, नेमका गुरुवारी येतो. त्यामुळे रजा न काढताही त्यांना तो साजरा करता यायचा. सण म्हणजे काय, तर सगळ्या घरानं एकत्र जमायचं, पोट फुटेस्तोवर जेवायचं आणि वर्षभरात जे चांगलं झालं त्याबद्दल आभार मानायचे. देवळात जायचं नाही, पूजा नाही, नवे कपडे नाहीत. एवढं मला लिंडाकडून ऐकून ठाऊक होतं.

लिंडा आणि मी रियाधच्या एका शाळेत शेजारशेजारच्या वर्गांत शिकवायचो. तिचा नवरा रॉय तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर. पुढे त्याची बदली पूर्वेकडे अबकैकला झाली आणि आमची मैत्री फोनवर आली. त्या वर्षी तिचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता.

"वैशाली, थँक्सगिव्हिंगला या. दोघंही या. उम्म फहद येणार आहे."

उम्म फहद म्हणजे फहदची आई. तिकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. फहद हा लिंडाचा जावई. लिंडाची मुलगी अॅमी अमेरिकेत शिकत असताना तिला हा हफूफ गावचा मुलगा भेटला आणि दोघांनी लग्न केलं. रॉय लग्नाला गेला नाही. मुलगा वाईट आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. त्याला भीती होती. या देशात बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, पोरं बापाची मानली जातात, हे त्यानं इतकी वर्षं राहून जवळून पाहिलेलं. आपण या देशात नोकरीला आलो, म्हणूनच आपली मुलगी इथे अडकली, असं त्याला वाटायचं. अॅमी आणि फहद आता दम्मामला राहत होते, त्यांना रांगणारी मुलगी होती. अॅमी बाळाला घेऊन एकटी माहेरी यायची. फहदनं सासऱ्याच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

"या वेळी रॉय हो म्हणालाय," लिंडा म्हणाली. "पण ऐन वेळी काय बोलेल सांगता येत नाही. तू असलीस तर मला धीर येईल."

"म्हणजे विहीणबाई जेवायला येणार!" माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

"कोण?"

मी तिला शब्द समजावला. मुलाची आई आणि मुलीची आई एकमेकींच्या विहिणी. लिंडा विचार करून म्हणाली, "आमच्याकडे याला शब्दच नाही. ती अॅमीची सासू. माझी ती कोणी नाही."

"आमच्याकडे तिच्यासाठी लग्नात वेगळी पंगत असते," मी म्हणाले. "तिचं काही चुकूनही राहिलं, तर पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागतं."

"असं काही सांगू नकोस," लिंडा म्हणाली आणि हसली, पण तिचं हसू घाबरलेलं होतं.

म्हणून आम्ही निघालो.

अल सुलैच्या गोदामांची रांग संपली, लोखंडी सळयांनी भरलेले ट्रेलर मागे पडले आणि दोन्ही बाजूंना वाळवंट सुरू झालं. रियाधच्या आसपासचं वाळवंट दगडी, मळकट. पण तास-दीड तासानं दहना नावाचा वाळूचा पट्टा येतो, तिथली वाळू तांबडी. सकाळच्या उन्हात ती विटकरी दिसत होती आणि वाऱ्यानं तिच्यावर बारीक सुरकुत्या पाडल्या होत्या. उंटांनी रस्त्यावर येऊ नये म्हणून दुतर्फा तारेचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे उंटांचा एक कळप कुठलीही घाई नसल्यासारखा चालला होता. थंडीची चाहूल लागली होती. काच खाली केली तर गार वारा आत येत होता.

पेट्रोल भरायचं राहून गेलं होतं. काटा अगदी खाली आल्यावर एक पंप दिसला, पण आम्ही पोचतो न पोचतो तोच दुपारच्या नमाजाची बांग झाली आणि पंपावरच्या माणसानं हातानंच "बंद" अशी खूण केली. आता वाट पाहण्याखेरीज इलाज नव्हता. श्रीकांतनं गाडी सावलीत लावली.

"मी काल म्हटलं होतं, रात्रीच भरून ठेवू," मी म्हणाले.

"तू घारगे तळत होतीस. मला कधी म्हणालीस?"

शेजारी एक ट्रेलर उभा होता. त्याच्या सावलीत हातपाय धुऊन आलेला दाढीवाला माणूस आमच्याकडे पाहून थबकला.

"मराठी काय?" त्यानं विचारलं. "मी दापोलीचा. नमाज पढून येतो, मग बोलू."

खरंच तो नमाज झाल्यावर परत आला, आपल्या थर्मासातला चहा कागदी पेल्यांत ओतून दिला. दम्मामच्या बंदरातून माल आणायचा, रियाधला टाकायचा, हे त्याचं काम. आम्ही कुठे निघालो ते त्यानं विचारलं. श्रीकांतनं सांगितलं, अमेरिकनांचा आभार मानायचा सण आहे.

"आभार कोणाचे?"

श्रीकांतनं माझ्याकडे पाहिलं. "देवाचे," मी म्हणाले. "आणि घरच्यांचे."

"घरच्यांचे?" तो माणूस मोठ्यानं हसला. "घरी जाऊन बायकोला शुक्रिया म्हटलं तर ती म्हणेल, ह्याला ताप आलाय." मग डब्याकडे त्याचं लक्ष गेलं. मी त्याला दोन घारगे दिले. एक त्यानं तिथेच खाल्ला, दुसरा मात्र रुमालात बांधून ठेवला.

हमरस्ता सोडून अबकैककडे वळलो तसा हवेला वास यायला लागला, सडक्या अंड्यासारखा, अगदी पुसट. लांबवर उंच नळकांड्यांच्या टोकांवर ज्वाळा जळत होत्या, भर दुपारीसुद्धा स्पष्ट दिसणाऱ्या. वसाहतीच्या फाटकाशी सिमेंटचे मोठे ठोकळे नागमोडी मांडलेले होते. त्या काळात परदेशी लोकांच्या वसाहतींवर हल्ले झाले होते, त्यामुळे तपासणी कडक. एका शिपायानं गाडीखाली आरसा फिरवला, दुसऱ्यानं आमचे इकामे (रहिवासाचे परवाने) पाहिले आणि मग डब्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हलवा. हिंदी," श्रीकांतनं आपल्या तोडक्यामोडक्या अरबीत सांगितलं, म्हणजे भारतीय गोड पदार्थ.

शिपायानं झाकण उघडलं, वास घेतला, आणि गंभीरपणे झाकण लावून म्हणाला, "यल्ला, जा."

फाटकाच्या आत पाय ठेवला आणि देशच बदलला. हिरवळ, बुटकी घरं, घरांपुढे सायकली. एक बाई अर्ध्या चड्डीत धावत होती, दुसरी गाडी चालवत होती. बाहेरच्या रस्त्यावर यातलं काहीच शक्य नव्हतं. मी अंगावरचा काळा, पायघोळ अबाया काढून त्याची घडी घातली. लिंडाच्या दारावर कापडी पानांचं तोरण लटकत होतं, लाल, पिवळ्या, तपकिरी पानांचं. त्यांच्याकडे या दिवसांत झाडांची पानं रंग बदलून गळतात म्हणे. दारातलं खजुराचं झाड मात्र हिरवंच्या हिरवं होतं.

लिंडानं मला घट्ट मिठी मारली. रॉय मागून आला, उंच, रुंद खांद्यांचा, पिकल्या भुवयांचा. श्रीकांतचा हात हातात घेऊन त्यानं गदागदा हलवला. आत जेवणघरात त्यानं मोठ्या टेबलाला एक घडीचं टेबल जोडून लांबलचक टेबल केलं होतं आणि दोन्हींवर मिळून एकच पांढरी चादर अंथरली होती. खुर्च्याही मांडून झाल्या होत्या.

"माझ्या वडिलांच्या शेतावर फळ्या जोडून टेबल करायचे," तो श्रीकांतला सांगत होता. "मजूर, शेजारी, म्हातारी माणसं, रस्त्यानं जाणारा कोणी असला तर तोही. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच टेबलावर जेवायचं. दुसरं टेबल मांडायचं नाही, हा त्यांचा नियम होता."

स्वयंपाकघरात मी लिंडाच्या हाताखाली उभी राहिले. टर्की सकाळपासून भट्टीत होती. पोटात पावाचं, कांद्याचं सारण भरलेला तो अवाढव्य पक्षी पाहून मला खरं तर थोडं भ्यायलाच झालं. बाकी पदार्थ मात्र ओळखीचे निघाले. लोणी घालून घोटलेले बटाटे, रताळ्यांचा गोड लगदा, फरसबी, मक्याचे दाणे. क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल बोरांचा मुरांबा, तो टर्कीबरोबर खायचा. शेवटी लाल भोपळ्याचं गोड सारण भरलेली भाजलेली पोळी, तिला ते 'पाय' म्हणतात. भोपळ्यापुढे माझे भोपळ्याचे घारगे ठेवले तेव्हा आम्ही दोघी हसलो.

"ती येईल तेव्हा काय म्हणायचं?" लिंडानं चौथ्यांदा ओटा पुसत विचारलं.

"या म्हणायचं. आणि वाढताना विचारत बसायचं नाही. तुम्ही लोक 'हवं ते घ्या' म्हणता ना, ते म्हणू नकोस. सरळ वाढायचं. ती नको म्हणेल, तरी वाढायचं."

"हे उद्धटपणाचं नाही का वाटणार?"

"न वाढलंस तर वाटेल."

दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर ते आले. फहद सडपातळ, चष्मा लावणारा, पांढऱ्या थोबात (पायघोळ अंगरख्यात). रॉयपुढे तो अवघडून उभा राहिला. रॉयनं हात पुढे केला, फहदनं तो हातात घेतला. अॅमीच्या कडेवर सारा होती. नाव विचार करून ठेवलेलं, कुठल्याही आजीला उच्चारता येईल असं. त्यांच्या मागे आपादमस्तक काळ्या कपड्यांत उम्म फहद, नुसते डोळे दिसणारी.

लिंडानं तिला थेट स्वयंपाकघरात आणलं आणि दार लोटून घेतलं. तिनं चेहऱ्यावरचं कापड वर केलं. गोल, हसरा, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या बाईचा चेहरा. हातांवर मेंदी. तिनं लिंडाच्या गालांना गाल लावले, मग माझ्या. मला उगीचच भरून आलं. मग तिनं काखेतला पेटारा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "खलास."

माझं अरबी बाजारहाटापुरतं. खलास म्हणजे संपलं, झालं. मला वाटलं, काही बिनसलं आणि बाई आल्या पावली निघाली! मी घाबरून लिंडाकडे पाहिलं. अॅमी हसत सुटली. खलास हे हफूफच्या उत्तम खजुराच्या जातीचं नाव. पेटाऱ्यात मधासारखा पिवळसर, मऊ खजूर होता.

भट्टीचं दार उघडल्यावर उम्म फहद वाकून आत बघत राहिली. "शहामृग?" तिनं सुनेला विचारलं. मग दुसरा प्रश्न आला, जरा हळू आवाजात. जनावर कापलं कोणी? लिंडाला अरबी समजत नव्हतं, पण प्रश्न समजला. तिनं कचऱ्याच्या डब्यात हात घालून टर्कीचं प्लास्टिकचं वेष्टन बाहेर काढलं आणि त्यावरचा हलालचा अरबी शिक्का बोटानं दाखवला. उम्म फहदनं तो वाचला आणि लिंडाचा ओला, तेलकट हात तसाच आपल्या हातांत धरून ठेवला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

पंचाईत वाढायच्या वेळी झाली. परपुरुषांसमोर उम्म फहद चेहरा उघडणार नव्हती, आणि चेहरा झाकून जेवायचं कसं? काही बायका कापडाची कड उचलून घास घेतात, पण ते तिला रुचत नव्हतं. लिंडानं मागच्या खोलीत बायकांची ताटं मांडायचं ठरवलं आणि रॉयला तसं सांगितलं. मी पाणी भरत होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर पडलं.

"नाही," रॉय म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "आजच्या दिवशी या घरात एकच टेबल. तिला मी बोलावलंय ते माझ्या टेबलावर बसायला. मागच्या खोलीत बसवायला नाही."

"रॉय, ती खाऊ शकणार नाही."

"माझी मुलगी त्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीनं राहते. रोज. आज एक दिवस त्यांनी आमच्या पद्धतीनं बसावं."

अॅमी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती काही बोलणार तेवढ्यात उम्म फहदनं तिला काय झालं म्हणून विचारलं. अॅमीनं थोडक्यात, बहुधा पुष्कळ गाळून, सांगितलं. उम्म फहदनं मान हलवली, चेहऱ्यावरचं कापड खाली ओढलं आणि सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलाशी बसली.

आम्हीही बसलो. मी तिच्या शेजारी. रॉयनं डोळे मिटून छोटीशी प्रार्थना म्हटली. मग त्यांची रीत म्हणून एकेकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं होतं. लिंडानं साराचं नाव घेतलं. अॅमी म्हणाली, "आज सगळे इथे आहेत म्हणून." श्रीकांत गोंधळला, तब्येत चांगली आहे म्हणाला. मी लिंडाच्या मैत्रीबद्दल बोलले, आणि ते मोठ्यानं बोलताना मला कसंसंच झालं. फहद म्हणाला, "मला या घरात बोलावलंत, त्याबद्दल." त्यानं हे रॉयकडे पाहून म्हटलं. रॉयनं टर्की कापायला सुरुवात केली.

उम्म फहद शेवटी बोलली, अॅमीनं सांगितलं, "त्या म्हणतात, देवाचे आभार, की मला माझ्या सुनेच्या आईच्या हातचं मिळतंय. आता आपण नसायब झालो." नसायब म्हणजे लग्नानं जोडलेली माणसं. लिंडानं टेबलाखालून माझा हात दाबला. त्या भाषेतही शब्द होता तर!

छातीच्या मांसाचा पहिला, सगळ्यात चांगला काप रॉयनं उम्म फहदच्या ताटात ठेवला. सगळे जेवू लागले. टर्की मला थोडी कोरडी लागली, मुरांब्याबरोबर बरी. काटे-चमच्यांचे आवाज होत होते. रॉय श्रीकांतला शेतातल्या कापणीचं काहीतरी सांगत होता आणि सांगता सांगता थांबला.

उम्म फहदचे दोन्ही हात मांडीवर होते. ताट भरलेलं, तसंच. कोणी तिच्याकडे पाहिलं की ती "खा, खा" अशी हातानं खूण करायची आणि पुन्हा हात मांडीवर ठेवायची. डोळे हसत होते.

"त्या खात नाहीत," रॉय म्हणाला.

"डॅड, त्या नंतर खातील, आम्हा बायकांबरोबर. त्यांना चालतं," अॅमी म्हणाली. "त्यांनीच बसायचं ठरवलं."

रॉयनं सुरी खाली ठेवली. त्यानं त्या ताटाकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून उठला, आपलं ताट उचललं आणि मागच्या अंगणाकडे उघडणारं काचेचं दार सरकवून बाहेर गेला. लिंडानं डोळे मिटून घेतले. अॅमी साराला छातीशी धरून बसली. मला वाटलं, आता हे घर कायमचं दुभंगलं.

रॉय परत आला. ताट बाहेर ठेवून आला होता. घडीच्या टेबलापाशी उभा राहिला आणि पहिल्यांदाच फहदकडे सरळ पाहिलं.

"ते टोक धर," तो म्हणाला. "वाकून उचल, नाहीतर पाठ धरेल."

फहदला काही क्षण कळलंच नाही. मग तो उठला. श्रीकांतनं भराभरा वरची भांडी हलवली, लिंडानं चादर मोठ्या टेबलावर सारली, आणि सासरे-जावयांनी ते टेबल आडवं तिडवं करत दारातून बाहेर काढलं. चौकटीला अडकलं, रस्सा सांडला, रॉयनं एक शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. काचेच्या दारापलीकडे लगतच त्यांनी ते मांडलं आणि तिन्ही पुरुष तिथे बसले. दार उघडंच ठेवलं, फक्त मध्ये पडदा ओढून घेतला.

"आता जेवायला सांग त्यांना," पडद्यापलीकडून रॉयचा आवाज आला. "माझ्या वडिलांच्या टेबलावर कोणाला नंतर जेवावं लागत नव्हतं."

अॅमीनं अरबीत सांगितलं. उम्म फहदनं कापड वर केलं. तिचे डोळे ओले होते, पण तिनं वेळ घालवला नाही, बाह्या सारल्या आणि जेवायला लागली. लिंडा उठली. मी शिकवलं होतं त्यापेक्षा जास्तच. बटाटे, रताळी, फरसबी, न विचारता वाढत सुटली. उम्म फहद ताटावर हात आडवा धरायची, लिंडा बोटांच्या फटीतून वाढायची. मग उम्म फहदनं चमचा हिसकावला आणि लिंडाच्या ताटात वाढायला लागली. विहिणींचा आग्रह पाहायला मला अबकैकला यावं लागलं!

"टर्की कशी झालीय विचार," बाहेरून प्रश्न आला.

उम्म फहद चावता चावता अरबीत काही म्हणाली.

"खूप आवडली म्हणतायत!" अॅमीनं ओरडून सांगितलं.

"नो, नो," उम्म फहदला तेवढं इंग्रजी येत होतं. तिनं पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "बिग. बट ड्राय!"

रॉय हसला, असा हसला की सारा दचकून रडायला लागली. अॅमीनं तिला पडद्याच्या कडेनं बाहेर दिलं. तिचं रडणं थांबलं, तेव्हा मी फटीतून पाहिलं. ती फहदच्या मांडीवर नव्हती. रॉय तिला बटाट्याचं बोट चाटवत होता आणि फहद विचारत होता, "मक्याची कापणी यंत्रानं होते का तिकडे?"

सूर्य लवकर मावळला. उम्म फहदनं सोबत आणलेल्या किटलीतून वेलदोड्याचा फिकट गहवा (अरबी कॉफी) वाटला. भोपळ्याचा पाय तिनं एक घास खाऊन बाजूला ठेवला, घारगे मात्र चार खाल्ले. हे सांगताना मला लाज वाटत नाही.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन मागच्या अंगणात आले तर श्रीकांत सतरंजीवर मांडी घालून बसला होता आणि रॉय त्याच्यासमोर एक पाय दुमडून, दुसरा पाय हातानं ओढत, लाल झालेल्या चेहऱ्यानं प्रयत्न करत होता.

"काय चाललंय?"

"उम्म फहदनं याला पुढच्या महिन्यात हफूफला जेवायला बोलावलंय," श्रीकांत म्हणाला. "जमिनीवर बसायचंय. याला मांडी शिकवतोय."

"गुडघा वर राहतो," रॉय म्हणाला.

"राहू दे. आधी पाठ सरळ."

निघताना रॉय गाडीपर्यंत आला. श्रीकांत सामान ठेवत होता. रॉय माझ्याशी बोलला, पण वसाहतीच्या फाटकाकडे बघत. "माझी भीती गेली नाही," तो म्हणाला. "एका जेवणानं कायदे बदलत नाहीत. अॅमीला उद्या काही झालं तर मी काय करू शकणार आहे, हा प्रश्न कालही होता, आजही आहे."

मी म्हणाले, "हो."

"पण ती बाई पाहुणी म्हणून आली आणि माझ्यासाठी उपाशी बसली. एक शब्द न बोलता." त्यानं मान हलवली. "अॅमी ज्या घरात गेलीय तिथे ही बाई आहे. हे मला माहीत नव्हतं."

परतीच्या वाटेवर मी अबाया चढवला, फाटक मागे पडलं, ज्वाळा मागे पडल्या. पेट्रोलची टाकी श्रीकांतनं या वेळी आधीच भरली होती. दहनाची वाळू आता दुपारच्या उन्हात फिकी दिसत होती.

"टेबलावर मला काही सुचलंच नाही," तो अचानक म्हणाला. "तब्येतीचं काय बोललो मी! खरं म्हणजे तुझं नाव घ्यायला हवं होतं."

"बरं झालं नाही घेतलंस. मला अवघडल्यासारखं झालं असतं."

"म्हणूनच नाही घेतलं," तो म्हणाला. ते खोटं होतं हे दोघांनाही कळलं, आणि आम्ही हसलो.

आपल्याकडे घरच्यांचे आभार मानत नाहीत. घरच्यांना 'आभारी आहे' म्हटलं तर ते परके झाल्यासारखे वाटतात, आणि ही आपली रीत मला लहानपणापासून बरी वाटत आली आहे. पण अबकैकच्या त्या टेबलाभोवती निम्मी माणसं अजून घरची व्हायची होती. फहदला ते शब्द बोलावेच लागले. रॉयला ते तोंडानं बोलता आले नाहीत, त्यानं टेबल उचललं. आणि ज्या बाईला यजमानांची भाषा धड येत नव्हती, तिनं भरल्या ताटापुढे हात मांडीवर ठेवून रॉयच्या आधीच ते म्हणून टाकलं होतं.

अल सुलैशी ट्रेलरांची गर्दी लागली तेव्हा शुक्रवार संपत आला होता. उद्या शनिवार, श्रीकांतची बँक, माझी शाळा. मी रिकामा डबा मांडीवरून खाली ठेवला, आणि त्याच्याकडे न बघता, मराठीत, हळूच म्हणाले, "इतक्या लांब घेऊन आलास. थँक्यू."

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.